पांढरा जाणार कुठे? पूलमधे व्हाइट ताब्यात ठेवायची माझी पद्धत

'हरेल तो टेबलाचे पैसे देणार' या नियमावर मी कॉलेजमधे जेवढे पैसे घालवले त्यातले निम्मे तरी ब्लॅक पॉट करून, म्हणजे शेवटचा काळा बॉल पॉकेटात घालून, घालवलेत. म्हणजे ब्लॅक पडायचा, मी हात वर करायचो, पोरं टाळी द्यायला पुढे यायची आणि व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो पांढरा बॉल) आपला निवांत लोळत लोळत मधल्या पॉकेटकडे निघालेला असायचा, आणि मग सगळे मिळून नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं, कारण तो आत पडला की मी हरलो. नशिबाला शिव्या घातल्या खूप. पण नशीब बिशीब काही नव्हतं, व्हाइट दर वेळी जिथे जायला पाहिजे तिथेच जात होता, मलाच ते आधी कळत नव्हतं.

तर बघायचं एकच. व्हाइट समोरच्या बॉलला लागतो त्या क्षणी तो काय करत असतो? नुसता घसरत असतो, पुढे लोळत असतो, की उलटा फिरत असतो? तुम्ही क्यूने वर मारलं का खाली मारलं हे त्यानंतर, कारण मधल्या अंतरात ते बदलतं (त्यावर खाली येतोच).

आधी घसरणारा, म्हणजे स्टन. व्हाइटवर कुठलीच फिरकी नसेल तर समोरचा बॉल ज्या दिशेने जातो तिच्याशी बरोबर काटकोनात व्हाइट निघतो. कट, म्हणजे समोरच्या बॉलला बाजूने लागणं, जाड असो की पातळ (त्याचा जास्त भाग लागो की कमी), ९० अंश म्हणजे ९० अंश. एकदम सरळ शॉट असेल तर व्हाइट जागच्या जागी थांबतो. फक्त ही काटकोनाची रेष समोरच्या बॉलपासून काढायची नाही, धडकेच्या वेळी व्हाइटचा मध्य जिथे असेल तिथून काढायची. बॉल साधारण ५७ मिलिमीटरचा, म्हणजे दोन मध्यांमधे तेवढं अंतर, आणि पॉकेटच्या तोंडाशी तेवढ्यात व्हाइट आत की बाहेर हे ठरतं.

आता लोळणारा. आपण मारतो त्यातले बरेचसे शॉट हळू किंवा मध्यम जोराचे असतात आणि त्यात व्हाइट पोचेपर्यंत लोळायलाच लागलेला असतो, म्हणून सगळ्यात जास्त उपयोग याचाच. लोळणारा व्हाइट समोरच्या बॉलला पाव ते पाऊण या जाडीत (म्हणजे समोरचा बॉल तेवढा झाकून) कुठेही लागला तरी आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. हाफ बॉलला, म्हणजे व्हाइटच्या मध्यातून काढलेली सरळ रेष समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवर येते तेव्हा, थोडा जास्त, ३४ च्या आसपास, आणि दोन्ही टोकांना २७ च्या आसपास. म्हणजे कट कितीचा आहे याचा फार विचारच करावा लागत नाही! पहिली दोन बोटं ताण न देता V सारखी उघडा, एक बोट नेमाच्या रेषेवर (व्हाइटच्या मूळ वाटेवर) धरा, V चं टोक धडकेच्या जागेवर, दुसरं बोट दाखवेल तिकडे व्हाइट जाणार. लोक हसतील, हसू द्या.

माझा ब्लॅकवाला घोटाळा तिथेच होता. हाफ बॉलचा कट, हळू मारलेला, आणि ३० अंशाच्या रेषेवर मधलं पॉकेट आ वासून. तोच शॉट थोडा खाली मारून स्टन केला असता तर व्हाइट मूळ वाटेपासून ३० च्या जागी ६० अंश वळला असता आणि पॉकेटच्या बाजूने निघून गेला असता.

जोराचं काय? जोरात मारलं तर लोळणारा व्हाइटसुद्धा आधी काटकोनाच्या रेषेवर पळतो आणि मग वाकून ३० च्या दिशेला लागतो. शेवटची दिशा तीच, पण वळण उशिरा, त्यामुळे सगळी वाट बाजूला सरकते, आणि जवळ कुशन (टेबलाची रबरी कड) असेल तर वाकायच्या आधीच तिथे आपटतो. (हे वाकडं वळण पॅराबोला असतं हे फ्रान्सच्या कोरिओलिसने १८३५ मधे गणिताने मांडून ठेवलंय, वाऱ्यांच्या धड्यात ज्याचं नाव येतं तोच तो.)

स्क्रू, म्हणजे उलटा फिरणारा. सरळ शॉटला सरळ मागे येतो हे सगळ्यांना माहितीये. थोडा कट असेल आणि स्क्रू चांगला बसला तर समोरचा बॉल नेमाच्या रेषेपासून जेवढ्या कोनात गेला त्याच्या साधारण तिप्पट कोन करून व्हाइट मागे येतो. १० अंशाचा कट, तर ३० अंश बाजूला मागे. स्क्रू कमी बसला तर कोन अजून मोठा होतो.

आता खरी गोम. तुम्ही खाली मारलं म्हणून व्हाइट पोचेपर्यंत उलटा फिरतच राहील असं नाही, कापड त्याची फिरकी खात असतं. पट्ट्यांचा एक बॉल घ्या, त्याचा पट्टा उभा, शॉटच्या रेषेत धरून व्हाइटच्या जागी ठेवा, नंबर वर. खाली मारा आणि नंबरकडे बघा. आधी नंबर तुमच्याकडे उलटा येत राहतो, मग एक क्षण फिरायचा थांबतो आणि बॉल नुसता घसरतो, मग पुढे लोळायला लागतो. तो मधला क्षण म्हणजे स्टन, आणि तो नेमका धडकेच्या वेळी आणायचा हाच सगळा खेळ. पट्टा जर डगमगताना दिसला तर तुम्ही नकळत साइड मारताय, म्हणजे मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, आधी ते सुधारा.

मग असं करा. एक बॉल कॉर्नर पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवा आणि व्हाइट आधी एक डायमंड (टेबलाच्या कडेवरच्या खुणांमधलं अंतर) लांब, मग दोन, मग चार. (नऊ फुटी टेबलावर दोन डायमंडमधे साडेबारा इंच असतात.) जोर तोच ठेवायचा आणि दर वेळी व्हाइट जागेवर थांबवायचा. एक डायमंडला मध्याच्या किंचित खाली मारलं की पुरतं, चारला तेवढंच मारलं तर व्हाइट मागोमाग लोळत जातो, तिथे अजून खाली जावं लागतं. पण मध्यापासून १४ मिलिमीटरच्या पलीकडे टिप (क्यूचं टोक) लागली तर चॉक कितीही घासा, मिसक्यू होणारच, म्हणजे क्यू सटकणारच. बॉलच्या जागा कापडावर चॉकने खुणावू नका, मालक बोंबलतो, छोटी गोल स्टिकर्स लावा.

साइडबद्दल थोडक्यातच सांगतो कारण नवीन लोक आधी तिकडेच धावतात. साइडने धडकेनंतरची वाट जवळजवळ बदलत नाही, ती कुशनला लागल्यावर कामाला येते. शिवाय उजवी साइड मारली की व्हाइट निघतानाच जरा डावीकडे सरकतो आणि सोपा पॉट हुकतो. सहा महिने साइडशिवाय खेळा.

पोझिशन, म्हणजे पुढच्या शॉटसाठी जागा, घेताना व्हाइट पुढच्या शॉटच्या रेषेवरून येत थांबेल असं बघा. रेष आडवी कापत येणारा व्हाइट चार इंच जास्त गेला की कोन बिघडतो, रेषेवरून येणारा चार इंच चुकला तरी फक्त अंतर बदलतं.

आणि पावसाळ्यात हे सगळे हिशोब थोडे हलतात. मुंबई-पुण्याकडे जुलैत कापड ओलसर होतं, बॉल जड चालतात, फिरकी लवकर मरते. शिवाय पार्लरमधला व्हाइट बरेचदा झिजून बाकीच्यांपेक्षा हलका झालेला असतो, तो स्क्रूला पटकन मागे येतो आणि फॉलोला (धडकेनंतर पुढे जायला) कंजुषी करतो. म्हणून पैसे लावायच्या आधी मी दोन डायमंडवरून चार स्टॉप शॉट (व्हाइट जागेवर थांबवायचे) मारून बघतो. व्हाइट पुढे सरकला तर त्या दिवशी सगळं अर्धी टिप (टिपेच्या अर्ध्या रुंदीएवढं) खाली, मागे आला तर अर्धी टिप वर.