गेटचा रिमोट डॅशबोर्डमध्येच बसवा

बंगल्याच्या स्लायडिंग गेटचा किंवा गॅरेजच्या शटरचा रिमोट असतो ना, तो दरवेळी नेमका सीटखाली जातो, त्यापेक्षा त्याचं बटण गाडीच्या डॅशबोर्डवर आणलेलं बरं. आधी एक जास्तीचा रिमोट पेअर करून घ्या, चालू रिमोट उघडू नका. मग त्याचं कव्हर काढा, आत बटणाला बहुतेक चार पाय दिसतील, त्यातले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात, म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारं सेटिंग) ठेवून बटण दाबल्यावरच बीप देणारे दोन पाय शोधा आणि त्यांनाच बारीक वायर सोल्डर करा, सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकवू नका, सर्किट बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उखडतो. वायरची दुसरी टोकं डॅशबोर्डवरच्या रिकाम्या ब्लँकमध्ये (न वापरलेल्या स्विचच्या जागेवरचं झाकण) बसवलेल्या पुश बटणाला. हे बटण दाबून सोडलं की सुटणारंच हवं, ऑन-ऑफ स्विच लावला तर रिमोट सिग्नल देतच राहील आणि सेल संपेल.

सेल रिमोटचाच राहू द्या. काही रिमोटमध्ये १२ व्होल्टचा सेल असतो म्हणून लोक थेट गाडीची लाइन देतात, पण इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या वर जातं, आणि ३ व्होल्टचा बटण सेल असेल तर विषयच संपला. रिमोट लोखंडी पट्टीमागे दाबू नका, रेंज मरते. पिवळ्या कव्हरच्या वायरिंगला हात नको, ते एअरबॅगचं असतं.