मायस्थेनियाचा अँटिबॉडी रिपोर्ट कसा वाचावा आणि आजाराची तीव्रता कशी मोजावी

मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतात आणि स्नायू लवकर थकतात असा आजार. त्याचा संशय आला की जळगाव-धुळ्याच्या लॅबमध्ये दिलेले रक्त बहुधा मुंबईला तपासले जाते आणि काही दिवसांनी मोबाइलवर एसीटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडीचा, म्हणजे नसेचा संदेश घेणाऱ्या स्नायूवरच्या रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीचा, आकडा येतो. तो आधी त्याच रिपोर्टवर छापलेल्या संदर्भ मर्यादेशी ताडून पाहावा, कारण ही मर्यादा लॅबनुसार बदलते. लक्षणे जुळत असतील आणि आकडा स्पष्टपणे मर्यादेबाहेर असेल, तर निदान जवळजवळ पक्के होते. त्यापलीकडे त्या आकड्याला फारसे विचारू नये.

‘त्यांचा तर 3च आला, आमच्या आईचा 60’ ही नातेवाइकांतली तुलना निरर्थक आहे. 1976 साली संशोधक जॉन लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनीच दाखवून दिले होते की अँटिबॉडीचे प्रमाण आणि आजाराची तीव्रता यांचा रुग्णारुग्णांमध्ये मेळ बसत नाही. तपासणीत रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटिबॉडी मोजल्या जातात. त्यांतल्या किती कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिने) जागे करून स्नायूचे आवरण फोडतात, किती रिसेप्टरच्या जोड्या बांधून त्यांचा नाश घडवतात आणि किती नुसत्याच चिकटून राहतात, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून 60 आकड्याच्या रुग्णाची फक्त पापणी पडलेली असू शकते आणि 3 आकड्याचा रुग्ण व्हेंटिलेटरवर असू शकतो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असेही समजू नये. लक्षणे फक्त डोळ्यांपुरती असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत ही तपासणी निगेटिव्हच येते. अशा वेळी मस्क अँटिबॉडी (स्नायूवरच्या मस्क या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी) आणि नसांना वारंवार उत्तेजना देऊन केली जाणारी चाचणी यांविषयी न्यूरॉलॉजिस्टना विचारावे. मस्कचा आकडा मात्र आजाराच्या चढउताराशी तुलनेने अधिक जुळतो.

तीव्रता मोजायची ती वहीत. बोलणे, चावणे, गिळणे, श्वास, दात घासणे किंवा केस विंचरणे, खुर्चीतून उठणे, एकाचे दोन दिसणे आणि पापणी पडणे या 8 गोष्टींना प्रत्येकी 0 (त्रास नाही) ते 3 (सर्वाधिक त्रास) गुण द्यावेत. डॉक्टर वापरतात ती 24 गुणांची मोजपट्टी हीच. नोंद रोज ठरावीक वेळी करावी आणि शेजारी गोळीची वेळ लिहावी, कारण सकाळी ठणठणीत दिसणारा माणूस संध्याकाळी गळून जातो. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी अर्धी होताच जबडा थकतो, हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागतो, पाणी पिताना ठसका लागतो, हे जसेच्या तसे लिहावे. एकूण गुणांत 2चा फरकही डॉक्टरांच्या दृष्टीने अर्थपूर्ण असतो. भुसावळकडचा मे महिना वहीत वेगळा नोंदवावा. उष्णतेने नस आणि स्नायू यांच्यातला संदेश आणखी क्षीण होतो, त्यामुळे तेव्हाची वाढ अँटिबॉडी वाढल्यामुळेच झाली असे नसते.

एका श्वासात मोठ्याने आकडे मोजून पाहावेत. निरोगी प्रौढ साधारण 50च्या आसपास पोहोचतो. 20 गाठतानाच धाप लागत असेल किंवा थुंकी गिळता येत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आयसीयू असलेल्या रुग्णालयात जावे. अँटिबॉडीचा आकडा उतरला म्हणून गोळ्या परस्पर कमी करू नयेत. साध्या तापासाठी गावातल्या दवाखान्यात गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन आणि मॅग्नेशियमचे इंजेक्शन यांनी अशक्तपणा एकाएकी वाढू शकतो.