चित्रातून शब्द शिकताय? या चुका टाळा

इंग्रजीच्या वर्गात 'ड्रॉट' (दुष्काळ) हा शब्द शिकवायचा होता. मोबाइलवर भेगाळलेल्या जमिनीचा फोटो शोधला नि दाखवला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या रानात तर दर उन्हाळ्यात असंच असतंय की." पोरगं खरं बोलत होतं. मराठवाड्यातली काळी माती वाळली की आकसते नि तडकते. पाऊस बरा झालेल्या वर्षीही एप्रिलात रानात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्याच्या डोक्यात 'ड्रॉट' म्हणजे 'उन्हाळा' असंच बसलं असतं.

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच: इंटरनेटवर पहिलं दिसलं ते चित्र उचलायचं. चित्र घेतलं की आधी विचारा, हे बघून दुसरा कुठला शब्द सुचेल? टँकरभोवतीच्या घागरींचा फोटो 'टंचाई'साठी दाखवाल, तर पोरं 'टँकर', 'गर्दी', नाहीतर 'भांडण' म्हणतील. त्यापेक्षा दोन चित्रं शेजारी ठेवा: ऑगस्टातलं तेच रान, एकदा गुडघ्याएवढं सोयाबीन आणि एकदा करपलेलं. लातूरकडच्या मुलांना मी एप्रिल २०१६ ची गोष्ट घरी विचारून यायला सांगतो. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आठवणारं माणूस प्रत्येक घरात सापडतं.

स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण द्या, असं आपण सांगतो, पण ते तपासत नाही. 'अबँडन'चा अर्थ वहीत 'सोडून जाणे' असा लिहिला होता. एका मुलीनं वाक्य केलं: माझे वडील दसऱ्यानंतर घर अबँडन करून ऊसतोडीला जातात. इंग्रजी व्याकरणात एक चूक नाही! पण दाराला कुलूप असतं, किल्ली आजीकडे असते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परत येतात. याला नुसतं 'लीव्ह' म्हणायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसवली गेली. जुन्या जागेसाठी 'अबँडन' चालेल, कारण गाव ती जागा कायमची सोडून गेलं. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली, तेव्हा वर्गाला शब्द कळला. (दुःखाच्या शब्दांना मात्र घरचं उदाहरण सक्तीनं मागू नका. वहीत लिहिलं तरी पुरे, मोठ्यानं वाचायला लावू नये.)

'बॉरो' (उसनं घेणे) आणि 'लेंड' (उसनं देणे) एकाच दिवशी शिकवणं ही माझी जुनी खोड. मराठीत उसनं ते उसनंच, घेतलं काय नि दिलं काय, क्रियापद तेवढं बदलतं. त्यामुळे जोडीनं शिकलेले हे शब्द हमखास अदलाबदल होतात. आधी फक्त 'बॉरो' घ्या, शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर आणणाऱ्या स्वतःच्या चित्रासह. तो पक्का झाला की आठवड्यानं 'लेंड'.

'ऑल्दो' (जरी), 'अनलेस' (केल्याशिवाय) अशा शब्दांची चित्रं काढत बसू नका. तिथं वाक्यच लागतं.

आणि शब्द पाठ करायची कार्डं. बरेच जण चित्र, शब्द, मराठी अर्थ सगळं एकाच बाजूला लिहितात आणि रोज वाचतात. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पेपरात काही आठवत नाही. एका बाजूला फक्त चित्र, मागे शब्द आणि तुमचं वाक्य. उलटण्याआधी शब्द तोंडानं म्हणायचा, चुकला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. चित्र बघून प्रसंग आठवतो पण शब्द येत नाही, असं झालं तर कार्ड उलटं धरा: शब्द बघा आणि चित्र न पाहता प्रसंग सांगा. तरीही अडलं, तर बहुतेक चित्रच दुसऱ्याचं आहे. ते फाडून टाका आणि स्वतः काढा, वेडंवाकडं का असेना.