बेडकाच्या अंडपेशी पिकवण्याआधी काय काय हाताशी हवं

झेनोपस लेव्हिस या बेडकाच्या अंडपेशी पिकताना रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांच्या) प्रथिनांच्या एमआरएनएंचं, म्हणजे प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएंचं, काय होतं ते पाहायचं असेल, तर बेडकीला हात लावण्याआधी फ्रीझर उघडा आणि रँडम हेक्सामर (आरएनएवर कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) आहेत का बघा. गेल्या वेळी मी सवयीने ऑलिगो-डीटी प्रायमरवर सीडीएनए (आरएनएची डीएनए नक्कल) केला. पेशी पिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन संप्रेरकानंतर एल1 या रायबोसोम-प्रथिनाचा एमआरएनए जवळजवळ दिसेनासा झाला आणि मी ‘नष्ट झाला’ असं लिहून मोकळा झालो. दोन महिने वाया गेले. तो नष्ट झालेलाच नव्हता. केंद्रकाचं आवरण फुटलं की या एमआरएनएंची पॉली-ए शेपटी (टोकाची ए अक्षरांची माळ) कापली जाते, ते रायबोसोमांवरून सुटतात आणि प्रथिन बनणं थांबतं. रेणू मात्र पेशीतच राहतो. ऑलिगो-डीटी चिकटतो तो शेपटीलाच. वर मॉस आणि सायक्लिन बी1 या पिकण्याला लागणाऱ्या प्रथिनांच्या एमआरएनएंच्या शेपट्या याच वेळी लांबतात, म्हणजे ते खोटेच वाढलेले दिसतात. हेक्सामर. आजच मागवा.

परवानगी, भूल, टाके, क्लोरीन काढलेलं पाणी हे सगळं तुमच्याकडे ठरलेलं असेलच. बेडकीला एचसीजी (अंडी सोडायला लावणारं संप्रेरक) मात्र देऊ नका, पेशी आतच पिकतील.

अंडाशय पचवून पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेजच्या प्रत्येक लॉटचा जोर वेगळा असतो. आधी अंडाशयाच्या छोट्या तुकड्यावर वेळ ठरवा. घाई असली तरी हे टाळू नका, कारण जास्त पचलेल्या पेशी त्या दिवशी छान दिसतात आणि रात्रीत डागाळतात. भरपूर धुवा, 18 अंशांवर रात्रभर ठेवा, निवडायला सकाळी बसा. ड्यूमाँटने 1972 मध्ये मांडलेल्या सहा अवस्थांपैकी सहावीच घ्या: व्यास 1.2 मिलिमीटरच्या वर, मधोमध फिकट पट्टा. लहान पेशी प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाहीत, आणि मिसळल्या तर आकडे बिघडतात.

प्रोजेस्टेरॉन इथेनॉलमध्ये विरघळवता ना? मग नुसतं इथेनॉल घातलेली एक बशीही हवी. काळ्या बाजूवर पांढरा ठिपका आला की पेशी पिकली, पण दोन-चार पेशी उकळून कापून केंद्रक खरंच गेलंय याची खात्री करा. सगळ्या एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून घड्याळ लावून गोळा करू नका. ठिपका बघून उचला.

आरएनए काढताना सुरुवातीलाच बाहेरचा, उदाहरणार्थ लुसिफरेजचा, आरएनए ठरलेल्या मापाने घाला. तुलनेसाठी संदर्भ म्हणून अ‍ॅक्टिनचा एमआरएनए नको, त्याचीही शेपटी जाते. ईएफ-1 अल्फा नको, कारण तो रायबोसोमच्या प्रथिनांसारखाच, सुरुवातीला पिरिमिडिनांची ओळ असलेल्या टॉप एमआरएनएंच्या कुळातला. आणि पुन्हा विचारतो: हेक्सामर आले का? नवा विद्यार्थी सीडीएनए लावणार असेल तर ऑलिगो-डीटीची ट्यूब त्या दिवशी बाकावर ठेवूच नका.

सुक्रोज ग्रेडियंटसाठी (साखरेच्या थरांतून फिरवून वजनाप्रमाणे वेगळं करण्यासाठी) सायक्लोहेक्सिमाइड, म्हणजे रायबोसोम एमआरएनएवर जागीच थांबवणारं औषध, आणि मॅग्नेशियम लागतंच. पिवळबलक आधी फिरवून काढा. 80एसचा (सुट्या रायबोसोमांचा) डोंगर आणि पॉलिसोम (एकाच एमआरएनएवर कामाला लागलेले अनेक रायबोसोम) नावापुरते, असं दिसलं तर घाबरू नका. अंडपेशीत सुमारे एक लाख कोटी रायबोसोम साठवलेले असतात आणि त्यांतले फार थोडे कामावर असतात. एक नमुना पॉलिसोम मोडणारा ईडीटीए घालून चालवा. नाहीतर तळाशी गेलेला एमआरएनए पॉलिसोमवर होता की नुसताच जड गोळ्यात, हे सांगता येणार नाही.

भ्रूणांपर्यंत जायचं असेल तर: जेली काढायला सिस्टीन, अवस्था न्यूकूप-फाबरच्या तक्त्याप्रमाणे, मध्य-ब्लास्टुलाच्या (भ्रूणाची स्वतःची जनुकं चालू होतात त्या टप्प्याच्या) आधीचे आणि नंतरचे नमुने वेगळे. नंतर रायबोसोमच्या प्रथिनांचे नवे एमआरएनए बनू लागतात, पण टेलबडपर्यंत (शेपटीचा कोंब दिसेपर्यंत) त्यांतले बरेच पॉलिसोमबाहेरच असतात. तोवर आईचे रायबोसोम पुरतात. केंद्रिका (केंद्रकातली रायबोसोम बनवायची जागा) नसलेले भ्रूण त्यांवरच पोहणाऱ्या डिंभापर्यंत जगतात, हे ब्राउन आणि गर्डन यांनी 1964 मध्ये दाखवलं. नमुने लगेच गोठवा. प्रायमर तोच, हेक्सामर.