उंचीवरून पडण्याचे अपघात: कारणे आणि साइटवरची व्यवस्था

पुणे परिसरातल्या रावेत, वाघोली, हिंजवडी अशा भागांत उंच इमारतींची कामे चालू असताना एखादा कामगार वरून पडला, की अहवालात पहिला शेरा बहुधा ‘बेल्ट (सुरक्षा पट्टा) लावला नव्हता’ असा येतो. हा शेरा अपुरा आहे आणि त्या कामगारावर अन्याय करणारा आहे, कारण त्याला पडायला जागा कोणी मोकळी ठेवली, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमानेही सुरक्षिततेची जबाबदारी मालक-ठेकेदारावर टाकली. म्हणून साइट इंजिनिअर आणि मुकादम यांनी सुरुवात बेल्टपासून न करता स्लॅबवरच्या मोकळ्या जागांपासून करावी.

डक्टच्या (पाइप, वायरी वगैरेंसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) भोकावर नुसता ठेवलेला प्लाय हा उघड्या भोकाइतकाच घातक असतो. शटरिंगसाठी (काँक्रीटच्या साच्यासाठी) प्लाय शोधणारा कामगार तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरतो, पुढे पाऊल टाकतो आणि त्याच प्लायच्या आड दडलेल्या भोकातून खाली जातो. त्यामुळे झाकण भोकापेक्षा चारही बाजूंनी मोठे आणि माणसाचे वजन पेलणारे असावे, ते स्लॅबला पक्के ठोकावे आणि त्यावर ‘खाली भोक आहे, हलवू नये’ असे मराठीत व हिंदीत ठळक रंगवावे. स्लॅबची कड, बाल्कनी आणि लिफ्टचा डक्ट येथे सुमारे एक मीटर उंचीचे रेलिंग, त्याच्या मध्ये दुसरा पाइप आणि तळाशी आडवी फळी हवी. माल ओढून घेण्यासाठी रेलिंग काढावे लागतेच. ते कोणी काढले आणि परत कोणी बसवायचे, हे रजिस्टरमध्ये नावासह लिहावे. काम संपल्यावर उघडी राहिलेली कड रात्रपाळीच्या माणसाला दिसत नाही.

परांचीचे पाय भिजलेल्या मातीत खचतात, म्हणून त्यांच्याखाली बेसप्लेट (पायाखालची लोखंडी पट्टी) आणि जाड फळी द्यावी, परांची इमारतीला बांधावी आणि फळ्यांमध्ये फट ठेवू नये. पुण्यात मे महिन्यात वळिवाचा वारा अचानक सुटतो. अशा प्रत्येक वादळ-पावसानंतर तपासणी झाल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिरकी असावी आणि वरच्या टेकूच्या पुढे सुमारे एक मीटर निघालेली असावी.

एवढे करूनही उरलेल्या धोक्यासाठी बेल्ट आहे, आणि तो कमरेचा नव्हे, तर फुल बॉडी हार्नेसच (खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बसणारा पट्टाच) हवा. त्याचा हुक डोक्याच्या वर, पक्क्या अँकरला (दोरी बांधण्याच्या मजबूत आधाराला) अडकवावा. दोन मीटरची दोरी, झटका शोषताना उलगडणारा जवळजवळ पावणेदोन मीटरचा भाग, हार्नेसला पाठीवर दोरी जोडलेली असते तिथून पायापर्यंतचे अंतर आणि थोडी राखीव जागा मिळून अँकरच्या खाली सहा मीटरहून अधिक मोकळी जागा लागते. हुक पायाशी अडकवून पहिल्या मजल्यावर काम करणारा माणूस, बेल्ट लावलेला असूनही, दोरी ताणण्याआधीच जमिनीवर आपटू शकतो. अशा ठिकाणी आखूड दोरी किंवा दोरी आपोआप गुंडाळून घेणारा आणि माणूस पडताच ती अडवणारा ब्लॉक वापरावा.

हार्नेसने अडवलेला माणूस लटकत राहिला, तर पायांतले रक्त परत फिरत नाही आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. त्याला खाली कसे उतरवायचे, त्यासाठी कोणती शिडी किंवा दोर वापरायचा आणि 108 ला फोन कोणी करायचा, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून टोळीतल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगावे आणि एकदा प्रत्यक्ष करून घ्यावे.