सह्याद्री ओतणारी चूल बघायला जायचं कसं: मॉरिशस आणि रियुनियन

राजगडाच्या बालेकिल्ल्यावर बसून आपण ज्या काळ्या कातळाला टेकतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आला. भूगर्भातल्या ज्या तप्त जागेवरून तो आला, ती जागा आजही धगधगते आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. फक्त वरचा भारत उत्तरेला सरकत गेला. वाटेत त्याच धगीने लक्षद्वीप-मालदीवच्या खालची डोंगररांग उभी केली, मग हिंदी महासागरातलं मॉरिशस बेट, आणि सध्या तिच्यावर बसलंय त्याच्या शेजारचं रियुनियन. ज्वालामुखी बघायला लोक हवाई नाहीतर आइसलँड गाठतात. जन्म सह्याद्रीत भटकण्यात गेलेल्या माणसाने आधी इकडे जावं, असं माझं मत आहे.

१. क्रम ठरवा: आधी म्हातारं बेट, मग तरुण

मॉरिशसचं वय ८०-९० लाख वर्षं, रियुनियनचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्हींमध्ये विमानाने जेमतेम पाऊण तास. आधी रियुनियन पाहिलंत तर मॉरिशसचे डोंगर बुटके वाटतील, म्हणून उलटं करू नका. दहा दिवस असतील तर तीन मॉरिशसला आणि सात रियुनियनला द्या.

काळ मे ते नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि तिथला पाऊस म्हणजे आपल्या आंबोलीलाही लाजवणारा प्रकार. जानेवारी १९६६ मध्ये रियुनियनच्या फॉक-फॉक पठारावर चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे.

व्हिसाचं आधी बघा. रियुनियन हा फ्रान्सचाच एक जिल्हा, चलन युरो, पण ते शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. पॅरिससाठी काढलेला व्हिसा इथे आपोआप चालेल असं धरून तिकीट काढू नका.

२. मॉरिशसमध्ये समुद्राकडे पाठ करा

क्युरपीप गावात, घरांच्या गराड्यात, त्रू-ओ-सेर्फ नावाचं विवर आहे. काठावरून गोल चक्कर मारायला अर्धा तास पुरतो. लोक सकाळी तिथे फिरायला येतात, आपल्याकडे पर्वतीवर येतात तसे. ग्रँड बासँ, म्हणजे गंगा तलाव, हेही विवरात साठलेलं पाणीच. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक तिथे चालत जातात.

शामारेलची सात रंगांची माती फोटोत दिसते त्यापेक्षा बरीच लहान आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण कोकणातला माणूस तिथे थबकतोच. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, ऊनपावसात कुजून त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, त्याचे हे रंग. आपला जांभा असाच तर झाला.

मला त्याहून आवडले ते उसाच्या शेतांतले दगडांचे ढीग. जमीन लागवडीला आणताना वेचून रचलेला काळा बेसॉल्ट. हे काम गुलामांनी आणि त्यांच्यानंतर कराराने नेलेल्या गिरमिटिया मजुरांनी केलं, आणि त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. त्यांचे वंशज आजही बेटावर आहेत, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते.

ल मोर्न हा ५५६ मीटरचा सुळका शेवटच्या दिवशी ठेवा. पळालेले गुलाम त्याच्या आडोशाने राहत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे.

३. रियुनियनला उतरल्यावर घड्याळ तीन तास पुढे समजा

म्हणजे खरोखर नव्हे, पण वागायचं तसंच. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ढग डोंगर चढायला लागतात आणि एकदा आले की कड्यावरून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. आम्ही पहिल्या दिवशी हॉटेलातला नाश्ता सोडवेना म्हणून साडेदहाला माइदोच्या कड्यावर पोचलो आणि शेजारी उभ्या माणसाचा चेहराही नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी अंधारात निघालो, तेव्हा खाली माफातची अख्खी दरी उघडी पडली होती.

गाडी भाड्याने घ्या. मॉरिशसमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवतात, इथे उजवीकडून. सिलाओस गावाकडे जाणाऱ्या घाटात चारशेच्या वर वळणं आहेत. वरंध घाट चालवलेल्यालाही इथे पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या हाती चाक द्यावंसं वाटेल.

४. निजलेला डोंगर: तीन कढया

बेटाच्या मधोमध पितों द नेज, ३०७० मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. हजारो वर्षं शांत आहे. त्याच्या भोवती डोंगर खचून आणि झिजून तीन अवाढव्य कढया झाल्या आहेत: सिलाओस, सालाझी, माफात. कोकणकड्याची अर्धगोल भिंत पूर्ण फिरवून आत गावं वसवली तर जे होईल, ते हे. २०१० मध्ये हे सगळं जागतिक वारसा यादीत गेलं.

एकच निवडायची असेल तर माफात. तिथे रस्ताच नाही. माणसं पायी जातात, सिलिंडरपासून सिमेंटपर्यंत सगळं हेलिकॉप्टरने येतं. सोपी वाट कोल दे बफ खिंडीतून ला नुव्हेल गावात उतरते, अडीच तास धरा. मुक्कामाच्या घरांना तिथे 'जीत' म्हणतात. महिनाभर आधी आरक्षण करा आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. सिलाओसची मसूर प्रसिद्ध आहे, त्यामुळे उपाशी राहणार नाही.

५. जागा डोंगर

पितों द ला फुर्नेझ, २६३२ मीटर, जगातल्या सर्वांत जाग्या ज्वालामुखींपैकी एक. रस्ता पा द बेलकोंबपर्यंत जातो, उंची २३११ मीटर. वाटेत प्लेन दे साब्ल लागतं, तांबूस-काळ्या राखेचं सपाट मैदान, गवताची काडी नाही.

बेलकोंबवरून पाचशेच्या वर पायऱ्या उतरून तुम्ही ज्वालामुखीच्या खळग्यात येता. समोरच फोर्मिका लेओ, १७५३ मधली लहानशी लाल टेकडी. तिथून माथ्यावरच्या दोलोमियू विवराच्या काठापर्यंत जाऊन परत यायला पाच ते सहा तास. वाटेत पाणी नाही, सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि जून-ऑगस्टमध्ये जाड स्वेटर. दगडांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत. धुकं आलं की पुढचा ठिपका दिसेपर्यंत मागचा सोडायचा नाही.

एप्रिल २००७ मध्ये इतका लाव्हा बाहेर पडला की या विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली बसला. काठाजवळ जाऊन वाकून बघण्याचा मोह आवरा, काठ अजून ढासळतो.

उद्रेकाची चाहूल लागली की प्रशासन खळग्याचं दार बंद करतं. मग पायऱ्यांवरून कुरकुरत बसण्यापेक्षा कड्याच्या कडेने पितों द बेर्तची वाट धरा.

६. शेवटी लाव्ह्याचा रस्ता

सेंत-रोझ ते सें-फिलिप हा पूर्व किनाऱ्याचा रस्ता उद्रेक दर काही वर्षांनी पुरून टाकतो, आणि लोक तो पुन्हा बांधतात. प्रत्येक प्रवाहापाशी साल लिहिलेली पाटी आहे. पाटी वाचायच्या आधी झाडांवरून वय ओळखून बघा: नुसता काळा दगड, मग राखाडी दगडफूल, मग नेचे, मग झुडपं. एका दिवसात सह्याद्रीचं बालपण वाचता येतं.

पितों सेंत-रोझच्या चर्चपाशी १९७७ मध्ये लाव्हा दारात येऊन थांबला आणि दोन्ही बाजूंनी वळून गेला. थिजलेला दगड अजून भिंतींना चिकटून आहे. पुढे २००७ चा प्रवाह लागेल. पाऊस पडला की त्यातून कितीतरी वर्षं वाफ निघायची. त्यावर चालताना चप्पल नको, बूटच हवेत. ताजा बेसॉल्ट काचेसारखा कापतो.