दुसरीच्या वर्गासाठी गणिताची उद्दिष्टे कशी लिहावीत

जिल्हा परिषद शाळेतले दुसरीचे नियोजन बहुतेक वेळा पाठांच्या नावांनी भरते: जुलैत बेरीज, ऑगस्टमध्ये वजाबाकी. त्यातून शिकवून काय झाले ते कळते, मुलाला काय येते ते कळत नाही. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने वर्षअखेरचे मुक्काम ठरवून दिलेले आहेत. पहिलीला ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीला ९९९ पर्यंत वाचन-लेखन आणि ९९ पर्यंतची वजाबाकी, तिसरीला ९९९९. मधला रस्ता मात्र आपला वर्ग बघूनच आखावा लागतो.

आधी प्रत्येक मुलाजवळ सात-आठ मिनिटे बसा. लेखी चाचणी नको, तिच्यात फक्त उत्तर दिसते. २३ चिंचोके मोजायला द्या. मोजून झाल्यावर “किती झाले?” असे विचारताच मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला उमगलेले नाही. मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या ठेवून ३४ मागा. तीन गठ्ठे उचलणारे मूल आणि गठ्ठा सोडून एकेक काडी मोजत बसणारे मूल, दोघांना एकच उद्दिष्ट चालणार नाही. ८ + ५ तोंडी विचारा. ते नऊपासून पुढे मोजते की एकपासून, ते टिपून ठेवा.

शेवटी पंचवीस, त्रेपन्न, एकोणसाठ ऐकून लिहायला सांगा. आपण एकक आधी बोलतो, म्हणून पंचवीसचे ५२ होतात. एकोणसाठमधला ‘साठ’ तेवढा कानावर पडला की ६९ लिहिले जातात. हा निष्काळजीपणा नव्हे, त्यामुळे दहा-दहा वेळा लिहून घेण्याने काही साधत नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसचे ‘वीस एक’ असे वाचन दिले तेव्हा बराच गदारोळ झाला, पण अडचण खरीच होती. एकोणीस ते एकोणनव्वद या आठ संख्यांसाठी वेगळे उद्दिष्ट ठेवा.

आता लिहिणे. ‘वजाबाकी येईल’ हे उद्दिष्ट नाही, कारण ते तपासायचे कसे? असे लिहा: ‘काड्या वापरून ४२ − १७ सारखी पाच उदाहरणे दिल्यास चार बरोबर सोडवेल आणि गठ्ठा सोडून काड्या सुट्या का केल्या ते सांगेल. मुदत: सहा आठवडे.’ साहित्य, संख्यांची मर्यादा, पाचपैकी किती, मुदत, एवढे आले की पुरे. एका गटाला एका वेळी दोनच उद्दिष्टे. पाच-सहा लिहिली की एकही धड तपासले जात नाही.

तपासताना फसगत होते ती उदाहरणांच्या निवडीत. ५८ − २३ सारखी बिनहातच्याची पाच उदाहरणे दिली तर सगळा वर्ग पास होतो. किमान तीन हातच्याची हवीत. ५२ − २७ चे उत्तर ३५ आले, तर मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ७ मधून २. त्याला आणखी उदाहरणे देऊ नका. पुन्हा काड्यांवर आणा, पाच गठ्ठ्यांतला एक सोडायला लावा आणि सुट्या बारा झाल्या हे मोजू द्या.

पाढ्यांची घाई दुसरीत नको. दोन-दोनच्या, पाच-पाचच्या उड्या पुरेत.

साध्य झालेले उद्दिष्ट लगेच बंद करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर संख्या बदलून तीच पाच उदाहरणे, या वेळी काड्यांशिवाय, द्या. तीन किंवा त्याहून कमी बरोबर आली, तर ते उद्दिष्ट वहीत पुन्हा उघडा.